अंजिरत-ओपाचं मधलं बोलणं

माझ्या वहीत मी सहसा रागानं लिहीत नाही. पहाटेची नमाज झाली की काल काय शिजवलं, कोण आलं-गेलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, एवढं लिहायचं आणि वही पिठाच्या डब्यामागे सरकवायची. बावीस वर्षांचा हा नेम. पण अंजिरत-ओपाबद्दल लिहायला बसले की पेन कागदात रुततं. रुतू दे.

अंजिरत-ओपा आमच्या मोहल्ल्याची नानवाली. सगळ्या गल्लीची ओपा, थोरली बहीण. वय साठच्या आतबाहेर, अंगानं बारीक, आवाज मात्र असा की कालव्यापलीकडच्या बकऱ्या माना वर करतात. तंदुरात हात घालून घालून तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडेच दुसरं घर मांडून बसला. ओपानं दोन मुली तंदुरावर वाढवल्या, लग्न करून दिल्या आणि नवऱ्याचा विषय निघाला की म्हणते, "त्याची नान भिंतीला चिकटलीच नाही गं, निखाऱ्यात पडली." बस्स, एवढंच.

तिच्याकडे नान घ्यायला जायचं म्हणजे बातम्या ऐकायला जायचं. पहिली खेप तंदुरात लावली की ती जाड बाही काढून ठेवते, हात झटकते आणि फोन उघडते. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब. मग सुरू. रस्ता रुंद करायला तुतीची झाडं तोडली, त्यावर ओपाचं मत. पेन्शनचं वय वाढवायचं म्हणतात, त्यावर ओपाचं मत. परदेशातल्या कुठल्या मंत्र्यानं बायकोला मारलं, त्यावर तर दोन खेपा होईपर्यंत मत. रांगेतल्या बायकाही काही कमी नाहीत.

"ओपा, बातमी कच्ची आहे, नान जळायला आली!" असं शारोफात ओरडते.

"जळू दे, तुझ्या नशिबाची आहे ती," ओपा सांगते आणि तरी वेळेवर हात घालून नान काढते. तिची नान जळालेली मी कधी पाहिली नाही.

खरं सांगते, मला तिची ही सवय आवडायची नाही. बाईमाणसानं सगळ्या जगाचा न्याय करत बसू नये, जिभेला लगाम असावा, असं मला वाटायचं. मी तिला एकदा म्हटलंही. ती पीठ मळता मळता म्हणाली, "मव्लुदा, तू तुझं मत वहीत लिहितेस. मला नीट लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते. फरक काय?"

आता जानेवारीचं.

त्या थंडीत गॅस गेला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सोळा दिवस. बाहेर नळ फुटत होते आणि टीव्हीवर रोज एक गुटगुटीत माणूस सांगत होता की काही भागांत दाब किंचित कमी आहे. आम्ही शेगडीची चावी पिळायचो आणि कान लावून बसायचो. तिच्यात फुंकर मारायलाही जीव नव्हता. ओपाचा तंदूर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर चालतो, म्हणून तेवढा पेटत राहिला. रोज सकाळी ती बादल्या भरभरून निखारे वाटायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जुने सँडल काढले, म्हणजे बैठ्या मेजाखाली निखाऱ्यांचा खड्डा, वर गोधडी, आणि सगळं घर त्यात पाय घालून बसलेलं. माझ्या आजीच्या काळानंतर मी तो पुन्हा पाहिला.

आमच्याच गल्लीतल्या तोख्ताखोनच्या घरी सँडल नव्हता. तिच्या नवऱ्यानं, मेलिबोय-अकांनी, म्हणजे मेलिबोयदादांनी, कुठून तरी लोखंडी शेगडी आणली आणि कोळसा पेटवला. चाळीस वर्षं कालव्याचं पाणी वाटणारा माणूस. कुणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी, हे त्यांच्या जिभेवर. पाण्यावरून इकडे भाऊ भावाचं डोकं फोडतो, पण मेलिबोय-अकांनी पाणी अडवायला फळी टाकली की टाकली, कुणी ब्र काढायचं नाही. त्या रात्री तोख्ताखोन धाकटीला घेऊन बाळंतीण झालेल्या थोरल्या लेकीकडे गेली होती. धुराड्याच्या तोंडाशी बर्फ गोठला आणि धूर आत फिरला. मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार तोडलं. गॅस गेल्याचा तो चौदावा दिवस. गुरुवारी गॅस आला.

दोन दिवस. फक्त दोन दिवस आधी आला असता.

बुधवारी बातम्यांत दोन ओळी होत्या: सुरक्षेचे नियम न पाळल्यामुळे एका नागरिकाचा मृत्यू; नागरिकांनी काळजी घ्यावी. एक नागरिक! नाव नाही, गाव नाही. आणि त्या बातमीखाली लोकांची मतं. ज्यांच्या घरात भिंती गरम होत्या त्यांची मतं तर फारच गरम. "खेडवळांना अक्कल कधी येणार." "धुराड्याची झडप उघडी ठेवायला काय धाड भरली होती?" "दर वर्षी मरतात, तरी शिकत नाहीत." तोख्ताखोनच्या धाकट्या लेकीनं, लोलानं, ते सगळं वाचलं. बाप कबरीत जाऊन एक दिवस झाला नव्हता. ज्याला तुम्ही गारठवलं, त्यानं ऊब शोधली हाच त्याचा गुन्हा. चोर तो चोर आणि वर शिरजोर!

शुक्रवारी दुपारी टीव्हीवाले आले.

मी तंदुराशीच होते. दुसरी खेप निघायची होती आणि बाकीच्या बायका सुतकाच्या घरी गेल्या होत्या. मोहल्ल्याचे ओक्सोकोल, म्हणजे मुखिया, इस्रोइल-अका पुढे, मागे कॅमेरावाला, आणि हातात माइक घेतलेली एक गोड चेहऱ्याची मुलगी. मोहल्ल्यात गॅस परत आला, जनजीवन सुरळीत झालं, असं काहीतरी त्यांना दाखवायचं होतं. तंदुरातून निघणारी वाफाळती नान चित्रात छान दिसते ना.

मुलगी म्हणाली, "ओपा, कशा आहात? घरदार सुखरूप? मुलंबाळं बरी?"

आता आमच्यात असं विचारल्यावर माणूस काय म्हणतो? छातीत बाण घुसलेला असला तरी आधी शुक्र म्हणतो. आधी देणाऱ्याचे आभार, मग दुखणं. आईच्या मांडीवर शिकलेली गोष्ट आहे ती. जो थेट रडगाणं सुरू करतो त्याला आम्ही कृतघ्न म्हणतो. ओपानं छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाली, "शुक्र, अल्लाहची कृपा. सगळं ठीक आहे. पोटाला नान आहे, डोक्यावर छप्पर आहे, देशात शांतता आहे, आम्ही राजी आहोत."

मग तिनं श्वास घेतला. आणि मग ती जे बोलली ते मी घरी येऊन लगेच वहीत उतरवलं, कारण मला वाटलं, हे आज सगळा देश ऐकणार, माझ्या वहीतही असू दे. कॅमेरावाल्यानं मध्येच इस्रोइल-अकांकडे पाहिलं. इस्रोइल-अकांनी तंदुराकडे पाहिलं. ओपा थांबली नाही. सगळं बोलून झाल्यावर तिनं रीतीप्रमाणे दोन्ही हात पसरून दुवा मागितली, "देशात शांतता राहो, मोठ्यांची सावली डोक्यावर राहो, कुणाच्या घरची चूल न विझो, आमीन," आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. माइकवालीला एक गरम नान कापडात गुंडाळून दिली. मुलगी म्हणाली, "तुमचे हात धन्य आहेत, ओपा."

संध्याकाळच्या बातम्या आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या. नान निघाली, वाफ निघाली, अंजिरत-ओपा छातीवर हात ठेवून म्हणाली, "शुक्र. सगळं ठीक आहे, आम्ही राजी आहोत." आणि लगेच हात पसरले: "मोठ्यांची सावली डोक्यावर राहो, आमीन." मध्ये काही नाही. सांधाही दिसत नव्हता. वर त्या गुटगुटीत आवाजात: अडचणीच्या दिवसांत घेतलेल्या काळजीबद्दल नागरिक समाधान व्यक्त करत आहेत.

मी वहीकडे पाहिलं. वहीत चार पानं होती.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू तिथे होतीस हे कुणाला सांगत बसू नकोस."

"का?"

"का म्हणजे? शाळा सरकारी आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं. सुतकाच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचं येतं. ओपा मंगळवारपासून रोज सकाळी पहिल्या खेपेच्या दहा नान तोख्ताखोनकडे पाठवत होती, आणि तीन दिवस सरले तरी चाळिसाव्यापर्यंत पाठवायचं तिनं मनात धरलं होतं. शनिवारी लोला ती परात परत घेऊन आली. वर तेच कापड, खाली त्याच दहा नान. आमच्यात परात रिकामी परत करत नाहीत, दोन अक्रोड तरी टाकतात. पण दिलेलंच तसंच परत? असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

लोला सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "आईनं सांगितलंय, ज्यांचं सगळं ठीक आहे त्यांनी ठीकठाक घरीच नान द्यावी. आमच्याकडे माणूस मेलाय."

"लोलाजान, ऐक गं बाई, त्यांनी कापलं. मी सगळं बोलले होते..."

"टीव्हीवर जाऊन आलेले सगळे असंच म्हणतात," लोला म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून ती 'राजी-ओपा' झाली. "काय राजी-ओपा, आज कशा काय राजी?" "राजी-ओपा, टीव्हीवाल्यांनी नवी शेगडी दिली म्हणे?" पोरं पळता पळता छातीवर हात ठेवून वाकायची आणि खिदळायची. रांग अर्धी झाली. ज्या बाईनं सोळा दिवस अख्ख्या मोहल्ल्याला निखारे पुरवले, तिच्याकडून नान घ्यायला लोकांना लाज वाटायला लागली! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ज्यांच्या पायांखाली तिचा विस्तव होता तेच तिच्यावर थुंकत होते. इस्रोइल-अका तिच्या शेजारी उभे राहून सगळं ऐकून गेले होते, त्यांचं तोंड शिवलेलं. आणि माझं?

माझंही.

ओपानं टीव्हीच्या कचेरीत फोन लावला. मी तिच्या अंगणातच होते, तिनं आवाज मोठा ठेवला होता.

पलीकडचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "ओपाजान, आम्ही तुमच्या तोंडी एक तरी शब्द घातला का? शब्द तुमचेच आहेत ना?"

"शब्द माझे आहेत, बेटा. बोलणं तुमचं आहे."

"वेळ कमी असतो, ओपा. सगळ्यांचंच कापतो आम्ही."

"कापता ना? मग शुक्र का नाही कापला?"

फोन ठेवला गेला. ओपानं फोन पालथा ठेवला. मग मला म्हणाली, "मव्लुदा, मी अल्लाहला शुक्र म्हटला होता. त्यांनी तो उचलून दुसऱ्यालाच नेऊन दिला. ही चोरी कुठल्या खात्यात नोंदवायची?"

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, चला, मी येते तोख्ताखोनकडे, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. माझ्या ओठांवर आलंही. ओपानं ते ओळखलं आणि तिनंच हात वर केला. "तू गप्प राहा. तुझ्या माणसाची नोकरी आहे." आणि ती पऱ्हाट्या मोडायला लागली.

ती बाई मला वाचवत होती आणि मी वाचत होते. महिनाभर मी पाच वेळा नमाजला उभी राहिले आणि पाचही वेळा शेवटी दुवा मागताना माझे हात जड व्हायचे. साक्ष ठाऊक असून दडवणं हे पाप आहे, हे मी पोरसवदा वयापासून जाणते. इतरांना सांगतेही. दुसऱ्याच्या जिभेला लगाम असावा म्हणणारी मी, माझ्या जिभेला कुलूप होतं, आणि त्याला मी सभ्यपणा म्हणत होते.

चाळिसावा दिवस आला. बायकांचं वाचन तोख्ताखोनच्या अंगणात होतं. अशा दिवसाला आमंत्रण नसतं, ज्याला मेलेल्याची कदर तो येतो. चाळीस-पंचेचाळीस बायका गोधड्यांवर दाटीनं बसल्या होत्या. ओतिन-ओयींचं, म्हणजे आम्हा बायकांत कुराण वाचणाऱ्या म्हातारीचं, वाचन संपलं, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि तेवढ्यात फाटकातून अंजिरत-ओपा आली. डोक्यावर परात. चाळीस नान, कलौंजी लावलेल्या, मधोमध बारीक टोचणीचा ठसा. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

शारोफातला राहवलं नाही. "या, राजी-ओपा! कॅमेरा फाटकाबाहेर ठेवलात का?"

दोघीतिघी हसल्या. तोख्ताखोन पांढऱ्या रुमालात मान खाली घालून बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. ओपानं परात तिच्या समोर ठेवली, म्हणाली, "मेलिबोय-अकांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. गरिबांना वाट," आणि जायला वळली.

मी उठले. वही मी सकाळीच पिशवीत टाकली होती. का टाकली, ते स्वतःला विचारायचं धाडस मी केलं नव्हतं.

"ओपा, थांबा," मी म्हटलं. "ओतिन-ओयी, मला एक वाचायचंय. हे मी त्या शुक्रवारी दुपारी लिहिलं, बातम्या लागायच्या आधी. मी तंदुराशी उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. इस्रोइल-अकांनीही ऐकलंय, पण त्यांचं ते पाहतील."

ओतिन-ओयींनी चष्मा पुसला. "वाच, बेटी."

मी वाचलं:

"'पण ऐक, मुली, आता खरं ऐक. सोळा दिवस गॅस नव्हता. तुम्ही रोज म्हणत होतात दाब कमी आहे. आमच्या शेगडीला कान लावला तर तिच्यात वारा नव्हता...'"

"श्वास," मागून ओपा म्हणाली. "वारा नाही. श्वास नव्हता म्हटलं मी."

"श्वास नव्हता," मी दुरुस्त केलं. कुणीतरी हसलं, पण ते हसू वेगळं होतं.

"'आमच्या मोहल्ल्यात मेलिबोय-अका होते. चाळीस वर्षं त्यांनी पाणी वाटलं, स्वतःच्या वाफ्याला कधी घोटभर जास्त घेतलं नाही. मंगळवारी ते गेले. तुम्ही सांगितलंत, एका नागरिकानं नियम मोडले. कुठला नियम मोडला मेलिबोय-अकांनी? गारठून गुपचूप मरायचा? गॅस पाठवायचा नियम कुणी मोडला ते का नाही सांगत? मेलेल्याच्या माथी मारता, कारण तो उठून जबाब देत नाही. त्यांना नाव होतं. मेलिबोय होतं. ते नाव टीव्हीवर घ्या, त्यांच्या बायकोची माफी मागा, आणि मग माझ्या नानचं चित्र काढा...'"

तोख्ताखोननं मान वर केली. "नाव घेतलं होतंस?" तिनं मला नाही, ओपाला विचारलं.

"घेतलं होतं."

"टीव्हीसमोर? मेलिबोय म्हणालीस?"

"तीनदा," ओपा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मला बारीक वाटला. "त्या मुलीला ऐकू जावं म्हणून तीनदा."

"अजून आहे का?" तोख्ताखोननं मला विचारलं.

"अजून अडीच पानं आहेत."

"वाच."

मी सगळं वाचलं. झडपेवर मतं देणाऱ्यांना ओपानं दिलेल्या शिव्याही वाचल्या, ओतिन-ओयींच्या समोर. त्यांनी कानावर हात ठेवला, पण बोटं फाकवून. लोला भिंतीशी तोंड करून रडत होती. वाचून झाल्यावर तोख्ताखोननं परातीवरचं कापड बाजूला केलं, वरची नान उचलली आणि दोन्ही हातांनी मोडली. पहिला तुकडा तिनं ओपासमोर धरला.

"बस," ती म्हणाली. "उभी काय राहिलीस? तुझ्या घरी सगळं ठीक आहे का?"

"नाही गं," ओपा म्हणाली आणि मटकन बसली. "काही ठीक नाही."

शारोफात तेवढ्यात चहा ओतायला उठली. माफी तिनं मागितली नाही, पण पहिला पेला ओपाला दिला. काही बायका मात्र नान न घेताच गेल्या. त्यांच्यापैकी एकीचा नवरा ओक्सोकोलांचा चुलतभाऊ. त्यांची मी नावं लिहून ठेवली आहेत. अल्लाहनं मला क्षमा करावी, पण लिहून ठेवली आहेत.

मी घरी पोहोचायच्या आधीच आमच्या ह्यांना कळलं होतं. ते बूट न काढता उंबऱ्यावर बसले होते.

"पंचेचाळीस बायकांसमोर वाचलंस?"

"हो."

ते बुटाची नाडी सोडायला लागले. "त्या वहीत माझंही नाव आहे का?"

"आहे. तुम्ही काय म्हणालात तेही आहे."

त्यांनी बूट काढले आणि जेवायला बसले. शाळेतून अजून तरी काही आलेलं नाही. आलं तर तेही लिहीन.

टीव्हीवर कुणी माफी मागितली नाही. मेलिबोय हे नाव अजूनही तिथे कुणी उच्चारलेलं नाही. उलट वसंताच्या सणाला त्यांनी एक गाणं दाखवलं, त्यात ट्यूलिप, शाळेतली मुलं, आणि मध्ये क्षणभर अंजिरत-ओपा छातीवर हात ठेवून वाकताना. तिची परवानगी? कसली परवानगी! आम्ही सगळ्याजणी तंदुराशीच होतो, शारोफातच्या फोनवर ते पाहिलं. ओपानं डोळे बारीक केले, म्हणाली, "रुमाल तिरका बांधला होता मी," आणि नान लावायला वाकली.

पण आता तिला कुणी कशी आहेस विचारलं की ती छातीवर हात ठेवत नाही. काल टपाल वाटणाऱ्यानं फाटकातून सहज विचारलं, "ओपा, बरं आहे ना सगळं?"

ओपा तंदुरात हात घालूनच एका दमात ओरडली, "गुडघा दुखतोय काल दोन तास गॅस नव्हता पीठ ओलं आलंय मेलिबोय-अकांच्या मृत्यूचा जबाब अजून कुणी दिला नाही आणि अल्लाहचा शुक्र आहे!"

त्या बिचाऱ्यानं सायकल भिंतीला टेकवली. ओपानं गरम नान काढून त्याच्या हातात दिली.

"घे. आणि जो कुणी विचारेल त्याला पूर्ण सांग."